टोना सांडला तो रविवार

आमच्या घरात प्रिंटरच्या टोनरला टोनर फक्त मीच म्हणते. आई त्याला टोना म्हणते, आप्पा काळी पावडर म्हणतात आणि शेजारच्या काकू त्याचं नाव घ्यायचंच टाळतात. काकू का टाळतात, ते सांगायचं तर मागच्या श्रावणातल्या एका रविवारापर्यंत जावं लागेल. मला गोष्ट नीट लावून सांगता येते असं मला वाटत नाही, पण ही सांगून बघते.

आम्ही सुरतला डिंडोलीत राहतो. आप्पा पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये रंगखात्यात आहेत. आई घरी बसून साड्यांना खडे चिकटवते. दोघंही अमळनेर तालुक्यातले, त्यामुळे घरात अहिराणी चालते, गल्लीत हिंदी आणि बाजारात गुजराती. मी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकले आणि आता कॉलेजात कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या दोन्हीकडच्या घरांत कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे माझ्या अभ्यासाला जे काही लागतं ते सगळं घरच्यांना फार मोठं वाटतं. साधी फाइल आणली तरी आई ती देव्हाऱ्याजवळ ठेवते.

प्रिंटरही असाच आला. मिलच्या मेहताजींनी ऑफिसमधला जुना लेझर प्रिंटर काढून नवा घेतला, तेव्हा आप्पांनी तो मागून घेतला. मागितला तेव्हा मेहताजी जवळजवळ फुकटच द्यायला तयार झाले, आणि वर टोनर भरलेलं एक नवं कार्ट्रिजही त्यांनी खोक्यासकट दिलं. आप्पांनी तो साडीच्या तुकड्यात गुंडाळून मांडीवर घेतला आणि रिक्षातून असा आणला, जसं कुणी दवाखान्यातून बाळ आणावं. एका खोलीत आणि तिच्या मागच्या स्वयंपाकघरात तो ठेवायला जागा एकच होती, गव्हाच्या कोठीवर. तेव्हापासून दळण काढायचं असलं की आधी प्रिंटर उचलावा लागतो. माझं पान छापून होत असताना आईला गहू हवे असले, तर ती डब्बा घेऊन शांतपणे शेजारी उभी राहते.

पहिले काही महिने मी छापतच सुटले. असाइनमेंट, जुने पेपर, मैत्रिणींच्या नोट्स. मग पानं फिकी पडू लागली आणि मशीनवरचा केशरी दिवा लुकलुकायला लागला. मला वाटलं मशीन बिघडलं. चौकापलीकडे टोनर भरून देणारं एक दुकान आहे, तिथे मी कार्ट्रिज पिशवीत घालून घेऊन गेले आणि फार धीर करून विचारलं, की खोक्यावर एवढी पानं निघतील असं लिहिलंय, माझी तर निम्मीही निघाली नाहीत.

दुकानदार गुजराती, पण आमच्याशी सुरती हिंदीत बोलतो. तो हसला. ड्रॉवरमधून त्याने एक पान काढलं. वर चार ओळी, खाली सही, बाकी सगळं कोरं.

“बेन, डब्बे पे जो लिखेला है, वो ऐसे पेज का हिसाब है. तुम कैसा छापती हो?”

मी माझं पान दाखवलं. कडेपासून कडेपर्यंत भरलेलं, त्यात दोन तक्ते, आणि मथळे काळ्या पट्ट्यात पांढऱ्या अक्षरांनी.

“ये तो पेज नहीं, डामर का रोड है,” तो म्हणाला.

त्याने मला बऱ्याच गोष्टी सांगितल्या. नवं कार्ट्रिज घेतलं तर महाग, पण निर्धास्त. जुनंच भरून घेतलं तर स्वस्त, पण त्याच्या बाजूचं बूच आणि त्यावरची चिकटपट्टी सांभाळायची, नाहीतर पावडर बाहेर. आत एक ड्रम असतो, तो हळूहळू घासला जातो, त्याचाही खर्च मोजायचा. आणि दिवा लुकलुकला म्हणजे पावडर संपली असं नाही. कार्ट्रिज बाहेर काढून दोन्ही हातांत आडवं धरायचं आणि पाळण्यासारखं हलकं झुलवायचं, म्हणजे कोपऱ्यातली पावडर सारखी पसरते आणि आणखी बरीच पानं निघतात. मी सगळं ऐकलं आणि जुनंच भरून घेतलं. वर्गात सर स्थिर खर्च आणि बदलता खर्च शिकवायचे तेव्हा मला ते नुसतं पाठ व्हायचं. त्या काउंटरपाशी ते पहिल्यांदा समजलं.

घरी आल्यावर मी आप्पांना समजावलं, की मशीन एकदाच घ्यायचं असतं, खरा खर्च पानागणिक होतो.

“म्हंजे म्हैस फुकट भेटनी, पन पेंड शेठना दुकानमाईन लेनी पडस, आसं म्हन ना,” आप्पा म्हणाले. “तरीच मेहताजी लगेच हो म्हनना!”

त्या दिवसापासून मी कंजूष झाले. काळे पट्टे बंद, अक्षर बारीक, आणि सेटिंगमध्ये जाऊन टोनर वाचवायची खूण केलेली.

मग श्रावण आला, आणि आईने एका दुपारी खडे चिकटवता चिकटवता विचारलं, “तुन्हा मशीनमा मन्हा गाना काढता येतीन का वं?”

आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून देवी सजवतात, रविवारी तिला चौरंगावर बसवतात आणि सोमवारी नदीवर पोचवतात. गावाकडे ती घराघरात बसते. आमच्या गल्लीत जागाच कमी, म्हणून सगळ्यांची मिळून एक. रविवारी संध्याकाळी नैवेद्य झाला की बायका तिच्यासमोर बसून अहिराणी गाणी म्हणतात. गाणी लिहिलेली कुठेच नाहीत. एकजण पुढे म्हणते, बाकीच्या मागे. आमच्या गल्लीत पुढे म्हणायच्या त्या जिजी, गल्लीतल्या सगळ्यात वयस्कर बाई. पण त्या वर्षी जिजी मुलाबरोबर कायमच्या नाशिकला राहायला गेल्या. जाताना त्या आईचा हात धरून सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, “आते हाई म्हनी.” म्हणजे आता ही म्हणेल.

आई तिथे जिजींच्या पाया पडली. घरी येऊन मात्र भाकऱ्या थापताना तिच्या दोन भाकऱ्या फाटल्या.

ती का घाबरली होती, ते मला माहीत होतं. आदल्या वर्षी जिजींना खोकला आला होता आणि एका गाण्यापुरती आई पुढे झाली होती. गाणं देवी कुठल्या वाटेने आली त्याचं आहे. जिजी नेहमी म्हणायच्या, ‘कानबाई ऊनी माय तापीना काठे काठे’. आईच्या माहेरी बोरी नदी आहे. तिच्या तोंडून तिच्या आईसारखं आलं, ‘बोरीना काठे काठे’. तेवढ्यात समोरच्या घरातल्या मामी मोठ्याने म्हणाल्या, “बोरीना? कानबाई काय बोरं येचाले ऊनती का?” सगळ्या हसल्या. मामींचं तोंडच तसं आहे, त्यांनी मनात काही ठेवून म्हटलं नसणार. पण आईचा पुढचा शब्द हरवला आणि गाणं तिथेच राहिलं. त्यानंतर वर्षभर ती घरातसुद्धा ते गाणं तोंड बंद ठेवूनच गुणगुणायची.

म्हणून तिला कागद हवा होता. समोर कागद असला की शब्द हरवणार नाही, आणि छापलेलं असलं की कुणी हसणार नाही, असा तिचा हिशेब. माझ्या छापलेल्या असाइनमेंटला कॉलेजात कुणी हसत नाही, असं तिनेच मला सांगितलं. मी तिला खरं काय ते सांगितलं नाही.

ती साडीवर खडे लावत म्हणायची आणि मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर टाइप करायची. अहिराणी मी जन्मापासून बोलते, पण लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. ‘व्हतं’ लिहू की ‘होतं’, ‘डोळा’चं ‘डोया’ लिहिलं तर कॉम्प्युटर खाली लाल रेघ मारायचा. पानभर लाल रेघा बघून आईने विचारलं, “हाऊ चुका दखाडस का?”

“नाही गं, त्याला आपली भाषा येत नाही.”

“मंग त्याले शिकाड,” असं म्हणून ती पुढच्या कडव्याला लागली.

वाटेचं गाणं आलं तेव्हा ती थांबली. हातातला खडा चिमट्यातच राहिला. “कानबाई ऊनी माय…” मग हळूच, “तापी लिख.”

“तू तर बोरी म्हणतेस.”

“लिख ना तापी.” जरा वेळाने, “र्‍हाऊ दे. तुन्हा मनले येई ते लिख.”

मी बोरीना लिहिलं. तिने बघितलं आणि चिमट्यातला खडा साडीवर बसवला.

शनिवारी पहिलं पान काढलं. मी सवयीने टोनर वाचवायची खूण ठेवली होती, अक्षर बारीक. आई चौथीपर्यंत शिकलेली, चष्मा लावून एकेक अक्षर जोडून वाचते. तिने कागद खिडकीशी नेला, लांब धरला, जवळ धरला.

“ह्या अक्षरं उपाशी शेतस,” ती म्हणाली.

आप्पांनी पण बघितलं. “खरंच. बिचारास्ले जेवाले घाल.”

मग मी खूण काढली, अक्षर मोठं केलं, जाड केलं. वरच्या शिरोरेषा अशा ठळक आल्या, की प्रत्येक ओळीवर कुणी काजळ ओढलंय असं वाटावं. आईचा चेहरा खुलला. ती सरळ वाचू लागली, बोट न ठेवता. मी मनात हिशेब करत होते, की दुकानदाराच्या भाषेत हा डामरचा रोडसुद्धा नाही, हा हायवे आहे. पण तिचा चेहरा बघून मी आणखी एक पान काढलं. गल्लीतल्या प्रत्येक बाईला एकेक संच द्यायचं ठरलं होतं. संध्याकाळपर्यंत केशरी दिवा लुकलुकायला लागला. उरलेलं सकाळी करू म्हणून मी मशीन बंद केलं आणि आई गव्हाचा डब्बा घेऊन पुढे आली.

रविवारी सकाळी आई आणि मी पुरणाच्या गडबडीत होतो. मी आप्पांना म्हटलं, “आप्पा, ते कार्ट्रिज काढून जरा हलवून ठेवाल का?” पाळण्यासारखं, हे सांगायचं राहिलं. आप्पांनी बावीसेक वर्षं रंगाचे डबे हलवले आहेत. डबा असा हलवायचा, की तळाचा रंग झाकणाला लागला पाहिजे. त्यांनी तसंच हलवलं. भरलेल्या कार्ट्रिजचं बूच कुठेतरी स्वयंपाकघराच्या दिशेने उडालं आणि पावडर त्यांच्या ठेवणीतल्या पांढऱ्या शर्टावर.

पुढचं तर त्यांनी अगदी आत्मविश्वासाने केलं. मिलमध्ये कापडावरचा सुटा रंग काढायला गरम पाणी आणि साबण. पुरणाच्या शेगडीवर पाणी ठेवलंच होतं. मी हात धुऊन पोचेपर्यंत त्यांनी शर्ट उकळत्या पाण्यात बुडवून वर काढला होता, आणि छातीवरचे सगळे ठिपके चमकदार, पक्के काळे झाले होते.

“आप्पा! ही पावडर गरम केली की चिकटते. मशीन तिला तापवूनच तर कागदावर बसवतं. हिला नुसती झटकायची, नाहीतर थंड पाणी!”

आप्पांनी शर्ट उजेडात धरला, बोटाने घासून पाहिला. ठिपका हलला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू कौतुक पसरलं. “क्या बात शे. एक धुलाईमा पक्का! आमना मिलमा आसा रंग कव्हय बसना नही.” आणि दुसरा शर्ट नव्हताच असं नाही, पण त्यांनी तोच पिळून अंगात घातला.

सांडलेली पावडर पुसून आई काळ्या झालेल्या तोंडानेच पोतेरं झटकायला गॅलरीत गेली. शेजारच्या काकू तिथे तांदूळ निवडत होत्या. काकू शिरपूरकडच्या, गल्लीत कुणाच्या पोराला ताप आला तरी पहिल्या धावतात.

“काय व्हयनं वं भाभी? तोंड कसं कायं व्हई गयं?”

“काय सांगू माय, घरमा टोना सांडी गया.”

काकूंच्या सुपातले तांदूळ थांबले. “टोना? आज कानबाईना दिवस! कोनी करा?”

“कोन करई? यास्नीच करा.”

“घरना मानूसनी?”

“मंग. आंगवर बी उडना त्यास्ना. आते उतरत नही. गरम पानीमा टाकी दखं, तरी उतरत नही.”

“गरम पानीनी टोना उतरस का कोठे!” काकू सूप खाली ठेवून उठल्या. “तू काहीच करू नको. मी ऊनू.”

मी आत प्रिंटरचं झाकण पुसत होते, मला हे सगळं ऐकू येत होतं, आणि काकूंना टोना म्हणजे करणी वाटतेय हे समजतही होतं, पण मधे बोलावं की नाही ते ठरेना. तोवर काकू मीठ, मोहरी, लाल मिरच्या आणि लिंबू घेऊन दारात. आप्पा खाटेवर बसले होते, ओल्या शर्टात, छातीभर काळे ठिपके. काकूंनी ते ठिपके बघितले आणि त्यांचा उरलासुरला संशयही गेला. त्यांनी मूठ वळून आप्पांवरून ओवाळायला सुरुवात केली.

आप्पा मला म्हणाले, “बेटा, हाई काय चालू शे?”

“बोलू नका भाऊ,” काकू म्हणाल्या. “आसं बोलतस तव्हयच लागस.”

आईने एव्हाना भिंत धरली होती. पदर तोंडात कोंबून ती इतकी हसत होती, की डोळ्यांतलं पाणी गालावरच्या काळ्यातून ओघळत होतं. शेवटी मी कार्ट्रिज हातात घेऊन काकूंना दाखवलं, की हा तो टोना. यात काळी पावडर असते, छापायची. काकूंनी ते नीट बघितलं, माझ्याकडे बघितलं, आप्पांकडे बघितलं. मग मूठ तशीच ठेवून म्हणाल्या, “आते उनी शे ते मशीननी बी काढी लेस.” आणि कोठीपाशी जाऊन त्यांनी प्रिंटरची दृष्ट काढली. लिंबू आणि मिरची त्याच्या वायरला बांधूनच त्या गेल्या.

दृष्ट निघाली, पण पावडर परत आली नाही. मी बूच शोधून बसवलं, चिकटपट्टी लावली, आता खरंच पाळण्यासारखं झुलवलं आणि छापून पाहिलं. पानाच्या दोन्ही बाजूंना अक्षरं अगदी काळी, आणि बरोबर मधोमध वरपासून खालपर्यंत एक पांढरा पट्टा. जणू कागदात कुणी भांग पाडला होता. पावडर फक्त दोन्ही टोकांना उरली होती.

कालची जी चांगली पानं होती, त्यात वाटेच्या गाण्याचं पान एकही नव्हतं. ते गाणं शेवटचं, म्हणून मी ते शेवटी ठेवलं होतं. टोनर भरणाऱ्याचं दुकान रविवारी बंद. गल्लीच्या तोंडावर झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्याकडून पेन ड्राइव्हवरून काढून घेतलं असतं. पण तोही आमच्यातलाच, त्याच्याही घरी कानबाई, तो शनिवारीच कुलूप लावून साक्रीला गेला होता. मी ते कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

घरी येऊन मी आईला पट्ट्याचं पान दाखवलं. मला वाटलं रागावेल. तिने ओळीवरून बोट फिरवलं. ‘कानबाई ऊनी माय’, मग पांढरं, मग ‘काठे काठे’. बोट त्या पांढऱ्यावर जरा थांबलं.

“गयी बोरी,” ती म्हणाली. हसून म्हणाली, पण ते सकाळचं हसू नव्हतं. “जाऊ दे. सगळास्ले वाट. जितलं दिसई तितलं दिसई.”

संध्याकाळी गल्लीच्या मधोमध मांडव होता. कानबाई चौरंगावर, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, मागे आप्पांच्या मिलमधून आणलेला जरीचा पडदा. बायका सतरंजीवर बसल्या. मी कागद वाटले. काकूंनी कागद घेताना आधी कपाळाला लावला. मामींनी उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, “छापेल गाना! आते ते भाभी कलाकार व्हई गयी.” मला त्यांच्या तोंडाची भीतीच वाटली. मी जाऊन मांडवाच्या खांबाशी आप्पांजवळ उभी राहिले. आप्पा तोच शर्ट घालून आले होते.

आईने सुरुवात केली. पहिलं गाणं तिने कागदात तोंड घालूनच म्हटलं. दुसऱ्याला आवाज सुटला. जाड, पोट भरलेली अक्षरं तिला स्वच्छ दिसत होती, बायका मागे म्हणत होत्या, टाळ्या लागल्या होत्या. एकेक पान उलटत ती शेवटच्या पानावर आली.

“कानबाई ऊनी माय…”

आणि ती थांबली. टाळ्या एकदोन वाजून थांबल्या. सगळ्यांनी आपापल्या कागदाकडे बघितलं. सगळ्यांच्या कागदावर तिथे पांढरं होतं.

तिने तापी म्हटलं असतं तर कुणालाच काही कळलं नसतं. मी काय लिहिलं होतं ते आता फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. आईने कागद मांडीवर ठेवला, चष्मा काढला, देवीकडे बघितलं आणि मोकळ्या आवाजात म्हणाली,

“…बोरीना काठे काठे!”

बायका मागे म्हणायच्या ऐवजी मामींकडे बघू लागल्या. आदल्या वर्षीचं सगळ्यांनाच आठवत असणार. मामी कागदाकडे बघत होत्या. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, दिव्यापुढे धरला, मागून बघितला.

“मन्हा कागदवर ते काहीच नही,” त्या म्हणाल्या. मग जरा चाचरत, “मी बुराईना म्हनू का? आमना गावले बुराई नदी शे.”

मग आई म्हणाली, “म्हन ना वं! तुन्हाच कागद शे.”

“कानबाई ऊनी माय बुराईना काठे काठे!” मामी इतक्या जोरात म्हणाल्या, की मांडवाबाहेरचं कुत्रं उठून बसलं.

“बुरी वाट शे का चांगली?” आई लगेच म्हणाली. वर्षभर साठवून ठेवल्यासारखी. सगळ्यात आधी मामीच हसल्या.

मग काही विचारू नका. काकूंनी अरुणावती आणली. धुळ्याकडच्या एका आजीने पांझरा आणली. चाळीसगावकडची नवी सून लाजत लाजत गिरणा म्हणाली आणि तिच्यासाठी सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. आई पुढे हात करून एकेकीला खुणावत होती, आता तू, आता तू. एकजण परभणीकडची, तिला कानबाई माहीतच नव्हती, शेजार म्हणून येऊन बसलेली. ती म्हणाली, “आमच्याकडं गोदावरी हाय, चालंल का?” आई म्हणाली, “चालशे!” गुजरातीत का म्हणाली, तिलाच माहीत. अरुणावतीसारखी गोदावरीही ओळीत बसेना, अक्षरं जास्त व्हायची, म्हणून सगळ्यांनी ती घाईघाईने म्हटली. जे गाणं जिजींच्या तोंडून चहा उकळेपर्यंत संपायचं, ते त्या दिवशी आरतीची वेळ टळेपर्यंत चाललं.

आप्पा माझ्या कानाशी म्हणाले, “काकूनी मशीननी दृष्ट काढी, त्यानं व्हयनं हाई.” मी हो म्हटलं. मला नाही म्हणवेना.

सोमवारी आम्ही देवीला टेम्पोतून तापीच्या ओवाऱ्यावर, म्हणजे घाटावर, नेलं. पाण्यात उभ्या राहून बायका पुन्हा तेच गाणं म्हणत होत्या. भूगोलात मी कधीतरी पाठ केलेलं मला तिथे आठवलं, की पांझरा, गिरणा, बोरी, अरुणावती, बुराई या सगळ्या तापीलाच येऊन मिळतात, आणि तापी इथे आमच्याकडे येते. मी ते आईला सांगितलं.

“मंग जिजीनं बी खरं व्हतं,” ती म्हणाली आणि ओला पदर पिळू लागली. “एक ती गोदावरी वाट चुकनी, तिले ऱ्हाऊ दे.”

नंतर मी कार्ट्रिज भरून आणलं. दुकानदाराने आधी, हे बूच कुणी उडवलं, असं विचारलं, आणि मग वायरला बांधलेल्या लिंबाची गोष्ट ऐकून म्हणाला, “अच्छा है, मेरी गॅरंटी से तो ज्यादा चलेगा.” आप्पांचा शर्ट अजून तसाच आहे. मिलमध्ये त्यांना लोक विचारतात, हे कुठलं नवं प्रिंट.

जिजींना नाशिकला कुणीतरी फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी आईला फोन केला आणि छापलेली गाणी मागितली. मी म्हटलं, आता टोनर भरलेला आहे, स्वच्छ पान काढते, बोरीना अगदी ठळक. आई कोठीपाशी डब्बा घेऊन उभी होती.

“बोरी नको लिखू,” ती म्हणाली.

“मग तापी?” मी विचारलं.

“तापी बी नको. तठे जागा खाली ठेव. जिजी भरई.”

मग मी कॉम्प्युटरवर त्या ओळीच्या मधे जागा सोडली, आणि पान बाहेर येईपर्यंत आई वाट बघत राहिली. आप्पांनी पान हातात घेऊन बघितलं.

“हाई बरं शे,” ते म्हणाले. “खर्च बी वाचना.”

आईने त्यांना प्रिंटर उचलायला सांगितला, आणि गहू काढले.